पाठीवर बॅग आणि समोर वाळवंट

आपल्या वर्धा जिल्ह्यातून आखातात गेलेले लोक कोकणाइतके नसतील, पण हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कुठल्याही मोहल्ल्यात विचारा, कुणाचा तरी मुलगा, जावई किंवा मामू तिकडे असतोच. त्यामुळे दुबई हा शब्द आपल्या घरांना परका नाही. दुबई म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारे पैसे, दोन वर्षांनी येणारा माणूस आणि त्याच्या सामानातले खजुरांचे डबे, अत्तराच्या बाटल्या, जाड ब्लँकेट. तिथे कमवायला जातात, हे आपल्याला माहीत आहे. तिथे पाठीवर बॅग टाकून भटकायला जायचे, वाळूवर सायकल चालवायची, डोंगरातल्या पाण्यात होडी वल्हवायची, ही कल्पना माझ्या मुलीने घरात मांडली तेव्हा अम्मी एवढेच म्हणाल्या, "रेत देखने के लिए इतना पैसा?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी शाळेत शिक्षक आहे. माझे मोठे भाऊ, आमचे भाईजान, सतरा वर्षांपासून दुबईत एसी दुरुस्तीचे काम करतात. त्यांच्याच पैशावर बहिणींची लग्ने झाली, घराला स्लॅब पडला. ज्या गावात भावाने घाम गाळला तिथे आपण मौज करायला जायचे का, हे मलाही नीट पटत नव्हते. मुलगी मात्र पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, एनसीसीत दोन शिबिरे करून आलेली. ती म्हणाली, "अब्बा, सतरा वर्षांत आपल्यापैकी एकही जण बडे अब्बांना भेटायला गेलेला नाही. दर वेळी तेच येतात." या वाक्यावर घरातल्या कुणाकडेच उत्तर नव्हते.

दिवाळीच्या सुटीत जायचे ठरले. अम्मींजवळ कुणी तरी हवे म्हणून पत्नी थांबली. मी आणि मुलगी, दोघांच्या पाठीवर एकेक बॅग, वर्ध्याहून रेल्वेने मुंबई आणि तिथून तीन-सव्वातीन तासांचे विमान.

बॅग कशासाठी?

भाईजान कंपनीच्या खोलीत राहतात. एका खोलीत सहा जण. तिथे पाहुण्यांना, त्यातही बाईमाणसाला, मुक्कामाची परवानगी नसते. हॉटेलचे भाडे झेपणारे नव्हते. त्यामुळे आम्ही हॉस्टेलमध्ये उतरलो. एका खोलीत चार-सहा पलंग, प्रत्येकाला कुलूपाचे कपाट, सगळ्यांसाठी एक स्वयंपाकघर. स्त्रियांची खोली वेगळी होती आणि बुकिंग करताना मी ती आधी विचारून घेतली. मुलीच्या खोलीत एक मलेशियाची विद्यार्थिनी आणि एक केरळची परिचारिका होती. रात्री स्वयंपाकघरात आमच्या तुरीच्या डाळीला दोघींनीही दाद दिली.

एका बॅगेत भागवायचे म्हटले की माणूस शहाणा होतो. दोन जोड कपडे, जानमाज, औषधे, पाण्याची बाटली, बस. ट्रॉलीबॅग असती तर आम्ही टॅक्सीत अडकलो असतो. बॅग पाठीवर असल्याने मेट्रो, बस आणि खाडीतली लाकडी होडी, तिन्ही आमच्या झाल्या. मेट्रोचे भाडे अंतरानुसार ३ ते साडेसात दिरहम. देरा आणि बर दुबई यांच्यामधली खाडी ओलांडणाऱ्या होडीला, तिला तिथे अब्रा म्हणतात, एक दिरहम. आम्ही गेलो तेव्हा दिरहमला २३-२४ रुपये पडत होते. चोवीस रुपयांत समुद्राच्या पाण्यावरची ती फेरी आम्ही रोज करत होतो.

मेट्रो सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली आणि ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा जानेवारी २०१० मध्ये. भाईजान त्याच्या आधीच तिथे पोहोचले होते. एखाद्या इमारतीकडे बोट दाखवून ते सांगत, "याच्या बाविसाव्या मजल्यावर डक्ट टाकलेत मी." शहर दाखवण्याची त्यांची ती रीत होती.

जुन्या काळचे धाडस

खाडीच्या काठी अल फहिदी आणि अल शिंदगा हे जुने भाग जपून ठेवले आहेत. तिथे फिरताना एक गोष्ट लक्षात राहिली. तेल सापडण्याआधी या किनाऱ्याची रोजीरोटी मोत्यांवर चालत असे. उन्हाळ्याचे चार महिने माणसे गलबतांवर काढत. नाकाला चिमटा, पायाला दगड बांधून समुद्रात खाली जायचे, एका दमात हाती लागतील तेवढे शिंपले टोपलीत भरायचे आणि दोरी हलवून वर खेचून घ्यायला सांगायचे. दिवसातून कितीतरी वेळा. ते मोती विकले जात आपल्या मुंबईत. १९३० च्या आसपास जपानच्या कल्चर मोत्यांनी आणि जागतिक मंदीने हा धंदा बसवला.

हिंदुस्तानशी नाते इतके जवळचे की तिथे रुपयाच चालत असे. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळा रुपया काढला होता, तो दुबईत १९६६ पर्यंत चालला. मुलगी म्हणाली, "म्हणजे बडे अब्बा पहिले नाहीत." भाईजान हसले.

आज त्याच समुद्रात लोक पैसे मोजून डुबकी मारतात. पोटासाठी केले ते काम, हौसेने केले तो खेळ. धोका मात्र दोन्हीकडे तोच. मोती काढणाऱ्याला घरी परतायचे असे, खेळणाऱ्यालाही परतायचे असते. पुढचे आठ-दहा दिवस मी प्रत्येक ठिकाणी आधी हेच पाहत राहिलो, की इथे माणसाच्या परतण्याची व्यवस्था काय आहे.

ओला उन्हाळा

आम्हा वैदर्भीयांना वाटते, ऊन आपल्याला कुणी शिकवू नये. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५-४६ अंशांवर जातो. पण दुबईचे ऊन वेगळे आहे. वाळवंट समुद्राला लागून असल्याने उन्हाळ्यात हवेत दमटपणा भरलेला असतो. आपल्याकडे घाम येतो आणि सुकतो, सुकताना अंग थंड करतो. तिथे घाम सुकतच नाही. आपला खसाची ताटी लावलेला कूलर तिथे निरुपयोगी, कारण ओल्या हवेत पाणी उडत नाही. त्यामुळेच भाईजानच्या हाताला बारा महिने काम असते. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांना काम करायला लावण्यास कायद्याने बंदी आहे, यावरून काय ते समजा.

पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या वर्ध्यात त्याच्या दहापट पडतो. समुद्र शेजारी असून पाऊस का नाही, हे मुलीने विचारले. त्या पट्ट्यात वरची कोरडी हवा खाली उतरत राहते, ती ढगांना वर चढून पाऊस होऊ देत नाही. त्यामुळे दमट हवा असूनही आकाश कोरडे. हिवाळ्यात पहाटे मात्र दाट धुके पडते. आम्ही वाळूकडे निघालो त्या पहाटे रस्त्यावर दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते आणि चालक गाडी बाजूला लावून धुके वर उचलण्याची वाट पाहत बसला. मला तो माणूस तिथेच आवडला.

थोडक्यात, तिकडे असली भटकंती करायची तर नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात विमान स्वस्त मिळते म्हणून जाऊ नये. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर मुळीच नाही.

पहिला रविवार: वाळूवर

भाईजानची साप्ताहिक सुटी रविवारी असते. मी विचारले, "वाळवंट पाहिले असेल ना पुष्कळ?" ते म्हणाले, "कंपनीच्या बसच्या काचेतून." सतरा वर्षांत वाळूवर पाय ठेवायला ते एकदाही गेले नव्हते. सुटीच्या दिवशी कपडे धुवायचे, घरी फोन करायचा, झोपायचे. सहलीला लागणारे दिरहम हिंगणघाटला पाठवले तर मुलाची ट्यूशन फी निघते, हा हिशेब त्यांच्या डोक्यात कायमचा बसलेला.

संध्याकाळच्या सफारीत जेवण असते, पण नाचगाणे आणि हुक्काही असतो. तो आम्हाला नको होता. सकाळच्या फेरीत फक्त गाडी आणि वाळू असते, पैसेही कमी लागतात. कुटुंबाने जाणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

लाहबाबची वाळू तांबूस आहे, तिच्यातल्या लोखंडामुळे. वाळूच्या कडेला चालक उतरला आणि चारही टायरांतली हवा सोडू लागला. एरवी ३५ च्या आसपास असणारा दाब त्याने १५ वर आणला. हवा कमी झाली की टायर पसरतो, गाडीचे वजन जास्त जागेवर पडते आणि ती रुतत नाही. उंटाचा पाय रुंद आणि गादीसारखा असतो, तो याच कारणाने. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत बंडीचे चाक आसापर्यंत रुतलेले ज्याने पाहिले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू सपाटसर असते आणि मागची बाजू ३२ ते ३४ अंशांची, घसरणीची. त्याहून उभी वाळू टिकत नाही, कोसळते. गाडी माथ्यावर जाते, समोर फक्त आकाश दिसते आणि मग नाक एकदम खाली जाते. भाईजान मोठ्याने दरूद पढत होते. मुलगी ओरडत होती, भीतीने की आनंदाने ते तिलाच ठाऊक. वीस मिनिटांनी तिला मळमळले, गाडी थांबवली, लिंबू चोखल्यावर बरे वाटले. पोट रिकामे किंवा अगदी भरलेले ठेवून बसू नये. गर्भवती, कंबरेचा त्रास असलेले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी यात बसूच नये, आणि पट्टा बांधल्याशिवाय गाडी हलू देऊ नये.

नंतर फळीवर बसून वाळूवरून घसरायचा खेळ. त्याला वेगळे कसब लागत नाही. मुलीने चार वेळा केला, मी दोनदा. तिसऱ्या वेळी पाहतो तर भाईजान बूट काढून, पँट दुमडून, फळी काखेत घेऊन टेकडी चढत होते. पंचावन्न वर्षांचा माणूस. खाली येऊन ते वाळूतच बसून राहिले. हातात वाळू घेऊन बोटांतून सोडत म्हणाले, "ठंडी है रे." सकाळची वाळू गार असते, हे त्यांना सतरा वर्षांनी कळले.

जोहरची वेळ तिथेच झाली. आमचा मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी, म्हणून आम्ही बापलेक मुसाफिर, दोन रकात. भाईजान तिथले रहिवासी, त्यांच्या चार. वजूला पाणी होते. नसते तर स्वच्छ वाळूवर तयम्मुम करता आले असते.

उडी

मुलीच्या मनात पहिल्यापासून एक गोष्ट होती: विमानातून उडी. समुद्रात भराव टाकून ताडाच्या आकाराचे जे बेट बनवले आहे, त्याच्या वर सुमारे १३,००० फुटांवरून प्रशिक्षकाला बांधून उडी मारतात. पहिला मिनिटभर माणूस दगडासारखा पडतो, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने, मग छत्री उघडते. एका संध्याकाळी आम्ही मरीनाच्या किनाऱ्यावर बसून त्या रंगीत छत्र्या उतरताना पाहिल्या.

किंमत दोन हजार दिरहमहून जास्त. म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या आसपास, भाईजानच्या महिन्याच्या पगाराहून अधिक. मी नाही म्हणणार होतो, पण त्याआधी भाईजानच बोलले, "मी देतो. पुतणीची हौस आहे." ते मनापासून बोलत होते. मुलगी बराच वेळ त्या छत्र्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बडे अब्बा, मी कमवायला लागले की स्वतःच्या पैशाने मारीन. तुमच्या पैशाने नाही."

अशा खेळाला हराम-हलालच्या तराजूत घालणारे पुष्कळ भेटतात. मी आलिम नाही. पण खेळाला आणि अंगमेहनतीला आपल्या दीनमध्ये मज्जाव नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये येते. पृथ्वीवर फिरून पाहण्याची सूचना कुरआन वारंवार करतो. त्याच वेळी स्वतःला आपल्या हाताने संकटात लोटू नये आणि उधळपट्टी करू नये, हेही सांगितलेले आहे. उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, ही शिकवण तर वाळवंटातलीच. दोरी, हेल्मेट, लाइफ जॅकेट हा आजचा उंट बांधणेच आहे. उधळपट्टी कशाला म्हणायचे ते मात्र ज्याच्या त्याच्या खिशावर ठरते. तिथे माझ्या मुलीने स्वतः हिशेब केला, याचा मला आनंद आहे.

उडीऐवजी आम्ही अल कुद्राला गेलो. वाळवंटातून ऐंशीहून अधिक किलोमीटरची, फक्त सायकलींसाठी केलेली वाट आहे. वापरायला पैसे नाहीत, सायकल तिथे भाड्याने मिळते, हेल्मेट हवेच. आम्ही अस्रनंतर वीस किलोमीटर चालवली. वाटेत वाळूतून हरणे पळताना दिसली. मुलीने ओढणीऐवजी डोक्याला घट्ट बसणारी टोपी आणि त्यावर हेल्मेट घातले होते. ओढणी मोकळी सोडून सायकल, झिपलाइन किंवा आपल्याकडची स्कूटरसुद्धा चालवू नये. चाकात, दोरीत अडकली तर गळ्याला फास बसतो. पर्दा आणि खेळ यांचा झगडा नाही, कपडे विचार करून निवडावे लागतात इतकेच.

दुसरा रविवार: पाण्यावर

हत्ता हे दुबईचेच गाव, पण शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, हजर पर्वतात. दुबई मॉलच्या बसस्थानकावरून बस जाते, तिकीट २५ दिरहम. वाटेत वाळू संपते आणि उघडे, करपलेले डोंगर सुरू होतात. त्यांच्या कुशीत धरण आहे आणि त्या हिरवट पाण्यात कयाक, म्हणजे एक-दोन माणसांची निमुळती होडी, भाड्याने मिळते.

भाईजान काठावरच थांबतो म्हणाले. आम्ही दोघे भाऊ हिंगणघाटच्या वणा नदीत पोहायला शिकलेलो. पुराच्या पाण्यात उड्या मारणाऱ्या पोरांत भाईजान पहिले असत आणि अब्बांचा मार खाणाऱ्यांतही पहिलेच. त्यांना मी त्याची आठवण दिली. ते म्हणाले, "ती ताकद गेली." कर्मचाऱ्याने त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवले, पट्टे ओढून पाहिले आणि पुतणीने त्यांना पुढच्या जागेवर बसवले.

पहिली दहा मिनिटे होडी गोल गोल फिरली. मग भाईजानच्या हातांना लय सापडली. मी मागच्या होडीतून पाहत होतो. ते दोघे डोंगराच्या वळणामागे गेले आणि तिथून भाईजानची आरोळी ऐकू आली, नदीवर पोरे मारतात तशी. डोंगरांनी ती परत पाठवली. सतरा वर्षे मी त्यांचा फोनवरचा आवाज ऐकत होतो: "सब खैरियत? पैसे पोहोचले?" हा आवाज त्यात कधीच नव्हता.

या डोंगरांचा एक धोका सांगायलाच हवा. इथे कोरडे ओढे आहेत, त्यांना वादी म्हणतात. दूर कुठेतरी पाऊस पडला तरी ते क्षणात भरतात. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. पूर आलेल्या वादीत गाडी घालणाऱ्याला २,००० दिरहम दंड आणि ६० दिवस गाडी जप्त, असा नियम आहे. आभाळ भरून आले की वादीतून बाहेर पडावे, फोटो काढत थांबू नये.

जाणाऱ्यांसाठी

व्हिसासाठी परतीचे तिकीट आणि राहण्याचे बुकिंग हाताशी ठेवावे. प्रवास विमा काढताना साहसी खेळ त्यात धरले आहेत का ते वाचावे. पुष्कळ विम्यांत ते नसतात. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधे परवानगीशिवाय नेऊ नयेत, बाकी औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असावी. परक्या माणसाचा, विशेषतः स्त्रीचा, न विचारता फोटो काढणे तिथे गुन्हा ठरू शकते. वाळूत प्लास्टिक टाकू नये. ते खाऊन पोटात गोळा होऊन उंट मरतात. आणि तिथे आपला कुणी कामाला असेल तर त्याच्या सुटीचा दिवस धरूनच सगळा बेत आखावा. त्याच्याकडून पाहुणचार घेण्याआधी त्याला पाहुणा करावे. सफारीत आणि हत्ताला भाईजानचा खर्च आम्ही केला, त्यासाठी त्यांच्याशी चांगलेच भांडावे लागले.

परत निघताना विमानतळावर त्यांनी खजुरांचा डबा दिला, तो पाठीवरच्या बॅगेत कसाबसा बसला. मग बाजूला घेऊन म्हणाले, "पोरांना पोहायला शिकव. माझ्याही आणि तुझ्याही. वणेचे पाणी आता चांगले नसेल तर तलाव शोध, पण शिकव." त्यांची दोन मुले, बारा आणि पंधरा वर्षांची, पाण्यात कधी उतरलेली नाहीत. आमच्या पिढीला नदीने फुकट शिकवले, यांना कुणी शिकवलेच नाही.

रमजान ईदनंतर दोघांना वर्ध्याच्या तरणतलावावर घातले. माझी मुलगी रविवारी त्यांना घेऊन जाते. धाकटा आता पाण्यावर तरंगतो, त्याचा व्हिडिओ दुबईला पोहोचला आहे.